विचारणारा कोणाच्या वतीने विचारतो?

कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेत ९९ वे कलम आहे. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे तिकडच्या मजलिसच्या, कोणत्याही सभासदाला पंतप्रधानास किंवा मंत्र्यास त्याच्या कारभाराविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क त्या कलमाने दिला. पुढच्याच कलमात याहून धारदार हत्यार ठेवले आहे. मंत्र्याला सभागृहात उभे करून जाब विचारायचा. तयारीसाठी त्याला निदान आठ दिवस मिळतात. जाबाच्या चर्चेनंतर दहा सभासदांच्या सह्या झाल्या तर अविश्वासाचा ठराव येतो, आणि तो संमत झाला की मंत्र्याला खुर्ची सोडावीच लागते. मुंबईच्या विधानसभेतील तारांकित प्रश्नांच्या बातम्या वाचून वाढलेल्या आपल्या वाचकांना यात विशेष वाटणार नाही. पण अमिराच्या राज्यात, मंत्रिमंडळातील मोठी खाती राजघराण्याकडे असताना, निवडून आलेल्या एखाद्या डॉक्टराने उठून विचारावे, ‘हा पैसा कुठे गेला?’, हे त्या काळी आसपासच्या बहुतेक राज्यांत कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

कुवेतचा आणि आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. आमच्याबरोबर मुंबईत परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या काही मैत्रिणी कुवेतला गेल्या आणि आम्ही इस्राएलला आलो. दोन्ही देशांत टपालाचे दळणवळण नव्हते, म्हणून पत्रे मुंबईमार्गे फिरून येत. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळले तेव्हा त्या अम्मानच्या वाटेने विमानाने मायदेशी परतल्या, आणि पुढे त्यांतील काही पुन्हा तिकडेच गेल्या. त्यांच्याकडून मजलिसच्या गोष्टी आम्ही ऐकत आलो, मागाहून वाचतही आलो. त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. विचारण्याचा हक्क सभासदाला मिळाला, पण त्याने तो कोणाच्या वतीने वापरायचा? ज्यांनी मत दिले त्यांच्या, की ज्यांना मतच नाही त्यांच्याही?

डॉ. अहमद अल-खतीब यांचे उदाहरण आधी घेऊ. आमच्याच व्यवसायातले म्हणून थोडा पक्षपात झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातून वैद्यक शिकून आलेले हे गृहस्थ कुवेतचे पहिले डॉक्टर मानले जातात. १९६२ मध्ये घटना तयार करणाऱ्या सभेचे ते उपाध्यक्ष होते. पुढच्या वर्षी मजलिसवर निवडून आले, आणि १९६५ च्या अखेरीस लोकांच्या स्वातंत्र्यावर बंधने घालणाऱ्या कायद्यांच्या निषेधार्थ त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी राजीनामे दिले. कुवेतमध्ये राजकीय पक्षांना कायद्याने मान्यता नव्हती, त्यामुळे विरोधी पक्ष म्हणजे अशी चार-आठ धीट माणसे.

त्यांचे मोठे काम तेलाच्या बाबतीतले. कुवेत ऑइल कंपनी १९३४ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून ती ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन तेल कंपन्यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची होती. १९७० नंतर सरकारने त्यात २५ टक्के भाग घेण्याचा करार केला. शेजारची राज्ये तेवढ्यावर राजी होती. मजलिसमध्ये मात्र डॉ. खतीब आणि त्यांच्या विचाराच्या सभासदांनी प्रश्नांचा भडिमार केला: तेल आमचे, विहिरी आमच्या, मग चवथा हिस्सा का? सरकारला तो करार संमत करून घेता आला नाही. १९७४ मध्ये ६० टक्क्यांचा करार झाला, आणि १९७५ संपण्यापूर्वी सगळी कंपनी कुवेतची झाली. यात १९७३ च्या युद्धानंतर बदललेल्या जगाचा वाटाही मोठा होता, हे खरे. पण घाईने २५ टक्क्यांवर शिक्का मारला असता तर पुढची बोलणी कोठून सुरू झाली असती?

आम्हांस यातली गोष्ट भावते ती ही, की जमिनीतले तेल जितके त्या दिवसाच्या मतदारांचे, तितकेच न जन्मलेल्या मुलांचे. त्या मुलांना मत नव्हते. त्यांच्या वतीने कोणीतरी उभे राहिले. आणि त्या वेळी सभागृहाबाहेरच्या कुवेती बायकांनाही मत नव्हते.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. केसपेपरवर लिहिलेल्या औषधाचा डोस जास्त वाटला तर शिकाऊ परिचारिकेने ते देण्यापूर्वी विचारलेच पाहिजे, असे आमच्या मेट्रनबाई शिकवीत. डॉक्टर रागावत. ‘सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी?’ हे वाक्य आम्ही वॉर्डात अनेकदा ऐकले. पण विचारणारीने आपल्या मानासाठी विचारलेले नसते. खाटेवरचा माणूस गुंगीत पडलेला असतो, त्याला स्वतःला विचारता येत नाही. आणखी एक गोष्ट बाई सांगत: केसपेपर नीट न वाचता विचारू नका. चार माणसांसमोर डॉक्टरांना खाली पाहायला लावण्यासाठी तर नकोच. मजलिसमधील काही जाब या दुसऱ्या जातीचे होते, हे तिकडच्या आमच्या मैत्रिणीही कबूल करतात.

मात्र खरा प्रश्न आणि शोभेचा प्रश्न यांत बाहेरून फरक करणे सोपे नसते, आणि सत्ताधाऱ्याला तर सगळेच प्रश्न शोभेचे वाटतात. १९८२ मध्ये सूक अल-मनाख हा शेअरांचा बाजार कोसळला. पुढल्या तारखांचे चेक देऊन तेथे सौदे चालत, आणि अशा चेकांची बेरीज ९४ अब्ज डॉलरच्या घरात गेली होती. लहान गुंतवणूकदारांना सावरण्यासाठी निधी काढला. त्या निधीतून न्यायमंत्र्याच्या अल्पवयीन मुलाला पैसे मिळाले, असा आरोप घेऊन १९८५ मध्ये मजलिसने जाब विचारला. मंत्री राजघराण्यातले होते. त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी, जुलै १९८६ मध्ये, अमिराने सभाच विसर्जित केली. १९७६ मध्येही तसेच झाले होते. दोन्ही वेळा घटनेने ठरवलेल्या मुदतीत निवडणूक झाली नाही.

भाषणांचेही असेच. सभागृहात बोललेल्या शब्दाला घटनेच्या ११० व्या कलमाचे संरक्षण असे. बाहेर चौकात तेच बोलले तर खटला. मुसल्लम अल-बर्राक या सभासदाला फेब्रुवारी २०१२ च्या निवडणुकीत तीस हजारांवर मते पडली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात सभेबाहेर अमिराला उद्देशून केलेल्या भाषणासाठी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि ती भोगून तो एप्रिल २०१७ मध्ये सुटला. त्याचे सगळे म्हणणे आम्हांस पटते असे नाही. बोललेल्या शब्दाची किंमत त्याने पदरची मोजली, एवढे मात्र मानले पाहिजे.

आता मताधिकार नसलेल्यांकडे येऊ. १९९९ मध्ये स्त्रियांना मत देण्याचा अमिराचा हुकूम मजलिसपुढे आला आणि विधेयक नोव्हेंबरात ३० विरुद्ध ३२ मतांनी पडले. घटनेच्या नावाने सरकारला धारेवर धरणाऱ्या विरोधकांपैकीही कित्येकांनी त्या दिवशी आपल्या आयाबहिणींच्या विरुद्ध हात वर केला. सरकारपक्ष उदार आणि विरोधक संकुचित, अशीही वेळ येते. शेवटी १६ मे २००५ रोजी ३५ विरुद्ध २३ मतांनी स्त्रियांना हक्क मिळाला. त्याच वर्षी डॉ. मासूमा अल-मुबारक पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. पुढे त्यांच्याकडे आरोग्य खाते आले. ऑगस्ट २००७ मध्ये जहरा येथील रुग्णालयाला आग लागून दोन रुग्ण दगावले. सभासद जाब विचारण्याच्या तयारीत होते. बाईंनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. आग त्यांनी लावलेली नव्हती. तरीही मृत रुग्णाच्या वतीने कोणी विचारणार आहे या धाकाने खुर्ची हलली, हे आम्हां परिचारिकांना योग्य वाटते. २००९ मध्ये ज्या चार बायका प्रथमच मजलिसवर निवडून आल्या त्यांत त्या होत्या.

त्याच जहरामध्ये २०१३ साली आरोग्य खात्याने निराळाच प्रयोग केला. तातडीचे रोगी सोडून बाह्यरुग्ण विभागात सकाळची वेळ नागरिकांची आणि परदेशी माणसाने दुपारनंतर यायचे. परदेशी लोकांच्या गर्दीमुळे नागरिकांना ताटकळावे लागते, ही तक्रार. कुवेतच्या दर दहा रहिवाशांत सुमारे सात परदेशी, तेव्हा गर्दी त्यांची असणारच. पण सकाळच्या त्या रांगेपुढे उभी असलेली परिचारिका बहुधा केरळची, नाही तर फिलिपिन्सची. ती आजारी पडली तर तिने चार तास थांबायचे. २०१७ मध्ये परदेशी लोकांचे औषधपाण्याचे आकार बरेच वाढले. सफा अल-हाशिम या निर्भीड म्हणून गाजलेल्या सभासद बाई सरकारला खडे प्रश्न विचारीत, आणि परदेशी लोकांवर सर्व सेवांसाठी आकार बसवावा, ही मागणीही तितक्याच खड्या आवाजात करीत. २०२० च्या निवडणुकीत त्या पडल्या.

डॉ. खतीबांच्या काळचा प्रश्न आणि हा प्रश्न दोन्ही ९९ व्या कलमातूनच आले. पण एकात आपल्या मतदाराच्या पलीकडे नजर होती, आणि दुसऱ्यात मतदाराच्या पुढे रांगेत कोण उभा आहे याकडे. घटनेच्या १०८ व्या कलमाप्रमाणे सभासद साऱ्या राष्ट्राचा प्रतिनिधी. राष्ट्र म्हणजे नागरिक, एवढाच अर्थ काढला तर परकी नर्स त्यात येत नाही, आणि कायद्याने तो अर्थ चूकही नाही. आम्ही तो मान्य करीत नाही. पुण्यात जन्मलेले मधु लिमये बिहारातील मुंगेर आणि बांका येथून लोकसभेत गेले, आणि त्यांच्या प्रश्नांनी मंत्र्यांना घाम फुटे, तो काही मुंगेरच्या रस्त्यांपुरता नव्हे.

आपल्या समाजाला तर हे सांगायला नको. १९६० नंतरच्या वर्षांत विवाहाच्या बाबतीत आपल्या लोकांच्या वंशाची चौकशी सुरू झाली, तेव्हा आपल्या माणसांनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ च्या ऑगस्टात क्नेसेटची खास बैठक झाली आणि बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, असे तेथे जाहीर झाले. तेथे आपल्यासाठी बोलले ते बाहेरचे, निराळ्या देशांतून आलेले लोक. आपली मते थोडी. त्यांच्या निवडणुकीत त्याने काय फरक पडणार होता? अर्थात रस्त्यावर बसलेल्यांनी आधी आवाज केला, म्हणून सभागृहाला ऐकू गेले, हेही विसरता येत नाही. कुवेतमधल्या कामगाराला रस्त्यावर बसण्याची सोय नाही. त्याला परत पाठवणे फार सोपे.

१० मे २०२४ रोजी कुवेतच्या अमिरांनी मजलिस विसर्जित केली आणि घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. वारंवार जाब, वारंवार निवडणुका, अडलेली कामे, ही कारणे सांगण्यात आली, आणि तिकडच्या पुष्कळ लोकांनाही ती पटली. आमच्या एका मैत्रिणीच्या मते रोज ताप मोजून ताप वाढत नाही. दुसरी म्हणते, दर तासाला काच तोंडात घातली तर रोग्याने झोपायचे कधी? आम्ही पहिलीच्या बाजूचे आहोत, पण दुसरीनेही वॉर्ड पाहिलेला आहे.

त्यानंतर महिना गेला आणि १२ जून रोजी मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागून सुमारे ५० जण मृत्युमुखी पडले. त्यांतील ४५ भारतीयांचे देह हवाई दलाच्या विमानाने कोचीला आणण्यात आले. कुवेत सरकारने चौकशी केली, काहींना अटकही झाली. सभा चालू असती तर १७ वर्षांपूर्वी जहराच्या आगीबद्दल विचारले तसे या आगीबद्दल कोणी विचारले असते का, यावर आमच्या मैत्रिणींत एकमत नाही. मेलेल्यांपैकी पुष्कळ जण केरळचे होते. त्या वर्षी २६ एप्रिलला केरळात लोकसभेचे मतदान झाले होते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत आहे, पण ते स्वतः केंद्रावर हजर राहून द्यावे लागते. मंगफच्या त्या इमारतीतून तिकीट काढून कितीजण गेले असतील?