समोर बसलेला माणूस

माणसाचे चित्र काढायला शिकण्यासाठी माणूस समोर असावा लागतो का? प्रश्न वरवर कलाशाळेतला वाटतो; परंतु गेली काही वर्षे तो माझ्यापुरता नीतीचा प्रश्न होऊन बसला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मी संगणकाच्या पडद्यावरून मनुष्याकृतीचे रेखाटन शिकू लागलो. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. पुढे पोटापाण्याच्या धावपळीत पेन्सिल हातातून सुटली. आता सातासमुद्रापलीकडचे शिक्षक माझ्या घरात येऊन बरगड्यांचा पिंजरा आणि कटीचा भाग परस्परांकडे कसे झुकतात, हे समजावून सांगत होते. समजले नाही तर तोच धडा पुन्हा लावावा. हे गुरुजी कंटाळत नाहीत. रात्री जेवणानंतर, दर तीस सेकंदांनी बदलणाऱ्या मॉडेलांच्या छायाचित्रांवरून मी भराभर रेषा ओढीत असे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आपल्या संग्रहातील चित्रे घरबसल्या पाहण्याची सोय केली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख प्रतिमा मुक्त वापरासाठी खुल्या केल्या. रेम्ब्रांटच्या रेषेचा पीळ वसईत बसून न्याहाळता यावा, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या गोव्याच्या अँजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांना मनाजोगा गुरू मिळावा म्हणून मुंबईचे जे. जे. स्कूल सोडून बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांकडे जावे लागले होते.

गुरूवाचून विद्या नाही असे मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मात्र दुरून शिकण्याला नाक मुरडणाऱ्यांनी व्हिन्सेंट व्हॅन गॉगची उमेदवारी आठवून पाहावी. बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशात तो धर्मप्रचारक म्हणून गेला होता. १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले आणि हेगमधील चित्रव्यापाऱ्याला पत्र लिहून शार्ल बार्ग यांच्या पाठ्यक्रमाचे छापील तक्ते मागवले. या पाठ्यक्रमात एकूण १९७ तक्ते होते: प्रथम प्लास्टरच्या मूर्तींवरून केलेली चित्रे, मग थोर चित्रकारांच्या रेखाटनांच्या प्रती, आणि शेवटी नग्न पुरुषाकृतींची साठ रेखाटने. खाणकामगारांच्या वस्तीत बसून तो हे तक्ते पुनःपुन्हा गिरवीत राहिला. पोस्टाने आलेली शाळाच ती! १८९० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांतही, त्याने भावाकडे त्याच शेवटच्या साठ तक्त्यांची मागणी केली होती.

परंतु तो तक्त्यांपाशी थांबला नाही, आणि माझी अडचण येथेच सुरू होते. नेदरलँड्समधील न्यूनेन या गावी तो हिवाळाभर शेतकऱ्यांच्या झोपड्यांत जाऊन त्यांचे चेहरे आणि हात रंगवीत बसला. त्यातून १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारे’ हे चित्र झाले. त्यातील एक तरुणी, गोर्डिना द ग्रोट, पुढे अविवाहित असतानाच गरोदर राहिली. गावाने चित्रकाराकडे बोट दाखवले; त्याने आरोप नाकारला. तेव्हा तेथील कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या धर्मग्रामस्थांना त्याच्यासमोर बसण्यास मनाई केली. इतकेच नव्हे, बसू नये म्हणून पैसेही देऊ केले. त्या शरद ऋतूत व्हॅन गॉगने पक्ष्यांची घरटी आणि बटाट्यांच्या टोपल्या रंगवल्या. नोव्हेंबरमध्ये तो अँटवर्पला निघून गेला आणि मायदेशी पुन्हा कधी परतला नाही.

ही हकिकत प्रथम वाचली तेव्हा मला त्या धर्मगुरूंचा संताप आला होता. निव्वळ संशयावरून माणसाची भाकरी तोडणे आणि वर गरिबांपुढे पैसा नाचवणे, हे मला आजही गैर वाटते. तरीही त्या गावाला एक गोष्ट कळत होती, असे आता वाटू लागले आहे. माणसाकडे तासन्‌तास टक लावून पाहणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही, हे ते गाव जाणून होते. चित्रकाराला तेथे दार ठोठवावे लागे, मोबदला द्यावा लागे, चुलीचा धूर सोसावा लागे, लोकापवादही झेलावा लागे. माझ्या पडद्यावरच्या माणसांपाशी मला काहीच द्यावे लागत नाही. त्यांनी छायाचित्राला संमती दिली असेल, मोबदलाही घेतला असेल. मी त्यांचा अपराधी नाही. पण हजारो देह मी तीस-तीस सेकंदांत उरकले आणि एकाचेही नाव विचारले नाही. अशा सवयीने पाहणाऱ्याच्या दृष्टीचे काय होते?

याचे उत्तर मला मावशीने दिले. ती ब्याऐंशी वर्षांची. दुपारी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी खिडकीआडून तिचे रेखाटन केले. मान, खांदा, गुडघ्याची घडी, सारे नेमके उतरले. पडद्यावरचे शिक्षण फळाला आले असे वाटले. मोठ्या हौसेने तिला कागद दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला.

“नाक माझंच आहे,” ती म्हणाली. “पण कधी काढलंस हे?”

“मघाशी, तू लसूण सोलत होतीस तेव्हा.”

“मला सांगितलं असतंस तर पदर नीट घेऊन बसले असते रे. चोरून कशाला?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. नैसर्गिक अवस्था टिपायची होती, असे काहीतरी मी पुटपुटलो. चित्रकार हे कारण नेहमी देतात आणि त्यात तथ्यही आहे. सावध झालेला माणूस ताठ बसतो, चेहरा बंद करतो. पण मावशीचे म्हणणेही खरे होते: आपण कसे दिसावे, याबाबत तिचे काही मत होते आणि ते मी विचारले नव्हते. रेखाटन उत्तम होते. तो कागद मात्र मी भिंतीवर लावू शकलो नाही.

पडद्यावरचे धडे मी सोडलेले नाहीत. हाडांची आणि स्नायूंची ओळख तेथेच झाली. अजून बरेच शिकायचे आहे. रविवारी मिस्सेनंतर मात्र मावशी स्वतः खुर्ची ओढून समोर बसते. ती हलते, बोलते, भाव विचारून कोळणीला परत पाठवते, मध्येच डुलकी काढते. परवा वीस मिनिटांत फक्त डावा डोळा आणि कपाळ झाले. “आज एवढंच?” म्हणून तिने विचारले आणि पुढच्या रविवारी कोणते लुगडे नेसू, ते सांगून ठेव म्हणाली.