जपणं की धरून ठेवणं?

दाजीबानपेठेसारख्या पेठेत चोपड्या जाऊन कॉम्प्युटर आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हिशेब, लग्नाचे फोटो, आजीचा आवाज, सगळं एकाच हार्डडिस्कमध्ये. ती एक दिवस टकटक वाजू लागते आणि घर घाबरतं. बहिणींनो, अशा वेळी मशीन पुन्हापुन्हा चालू करू नये. आत गरगर फिरणाऱ्या चकतीवर, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर, वाचणारं हेड तरंगत असतं. ते चकतीला घासलं की लिहिलेलंच खरवडून जातं. म्हणून जाणकार आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढतो आणि त्या नकलेतून फाईली शोधतो.

आपण म्हणतो, ‘मी जपून ठेवलंय.’ पण एकाच जागी, कुणाला न देता ठेवणं म्हणजे जपणं का? धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या मूडबिद्रीच्या बसदीत शतकानुशतकं बंद होत्या. त्यांच्या नकला बाहेर पडल्या, म्हणून तर हीरालाल जैन यांना 1939 पासून ती टीका छापता आली. कुलपानं पोथी राहिली खरी, पण ती लोकांपर्यंत पोचली नकलांमुळे.

सगळंच वाटायचं नसतं. कुणाचं कर्ज, कुणाचं आजारपण झाकलेलंच बरं. पण आजीचा आवाज एकटीचा कसा? आठवणीवरची मालकी हाही परिग्रहच. डिस्क धड आहे तोवर एक नक्कल नणंदेला द्या, एक लेकीला.