आपला आघात हलका का वाटतो?

मनुष्यास स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत; दुसऱ्याने केल्या की तो खळखळून हसतो. स्पर्श तोच, मग हा भेद कोठून उत्पन्न होतो? हात हलविण्याची आज्ञा देतानाच मेंदू होणाऱ्या स्पर्शाचे पूर्वानुमान करतो. त्याप्रमाणे आलेली संवेदना तो ‘माझी’ म्हणून मंद करतो. अनपेक्षित संवेदना मात्र पूर्ण तीव्रतेने जाणवू देतो. या कार्यात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे.

ही व्यवस्था देहरक्षणास उपकारक असली, तरी व्यवहारात फसविते. २००३ साली लंडनमधील संशोधकांनी दोघा-दोघांना आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब देण्यास सांगितले. जेवढा आला तेवढाच परत द्यावयाचा. तरीही प्रत्येक पाळीस दाब सुमारे ३८ टक्क्यांनी वाढत गेला, कारण आपण दिलेला दाब प्रत्येकास कमीच भासला.

शब्दांचे वजन त्या प्रयोगात मोजले नव्हते. तथापि ‘मी तेवढेच बोललो’ असे शपथेवर सांगणारे दोन भाऊ कोणत्या घरात नसतात? दोघेही खोटे बोलत नसतात. त्यांचे माप खोटे असते. म्हणूनच गीतेच्या सहाव्या अध्यायातील आत्मौपम्याचा उपदेश केवळ दयेसाठी नव्हे, न्यायासाठीही आवश्यक ठरतो. आपल्या शब्दाचा घाव ऐकणाऱ्याच्या मुखावर पाहावा, आणि प्रत्युत्तर द्यावेच लागले तर आपल्या मापाने थोडे कमी द्यावे. तेव्हा कोठे ते समान होते.