आधी स्वतःला ऐकू येऊ दे

इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पशिवाय जवळजवळ मुकीच. साध्या गिटारला असते तशी पोकळ लाकडी पेटी तिला नसते, त्यामुळे तार छेडली तरी शेजारी बसलेल्यालाही ती धड ऐकू येत नाही. म्हणून चाळीतला उन्हाळ कांदा विकून बापाने पोराला गिटार घेऊन दिली, की थोड्याच दिवसांत पुढची मागणी येते. आणि नामपुरात अ‍ॅम्पचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कितला वॅटना शे?"

प्रश्न साहजिक आहे. मोसम खोऱ्यातल्या गावांत आवाज मोठा करणारं यंत्र आपण पाहत आलो ते लग्नाच्या मंडपात, मिरवणुकीत आणि हरिनाम सप्ताहात. तिथे आवाज वेशीपर्यंत पोचलाच पाहिजे, त्यासाठीच ते भाड्याने आणलेलं असतं. शिकणाऱ्या पोराला मात्र अजून गावाला काही ऐकवायचं नाही. त्याने काय वाजवलं ते त्याच्याच कानांना नीट कळलं पाहिजे, एवढंच त्या पहिल्या अ‍ॅम्पचं काम. मला वाटतं, हे एकदा मनाशी पक्कं झालं की खरेदीतला अर्धा गोंधळ आपोआप मिटतो.

वॅटचा हिशेब आपल्या नेहमीच्या हिशेबासारखा चालत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तो साधारण 3 डेसिबल, म्हणजे फरक जाणवण्यापुरता. कानाला दुप्पट मोठा वाटावा म्हणून वॅट दसपट लागतात. 100 वॅटचा अ‍ॅम्प 10 वॅटच्या तुलनेत ढोबळमानाने दुप्पटच मोठा. घरातल्या खोलीला 10 वॅट पुरून उरतात. मोठे अ‍ॅम्प जन्माला आले तेही मंचाच्या गरजेतून. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांच्याकडे गिटारवाली पोरं यायची, त्यांना बँडच्या गोंगाटात ऐकू येईल असा अ‍ॅम्प हवा होता. 1962 मध्ये मार्शलचा पहिला अ‍ॅम्प तयार झाला तो अशा मागणीतून. उलट 1970 साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी 'लैला'चा अल्बम ध्वनिमुद्रित केला तेव्हा फेंडर कंपनीचा चँप हा अ‍ॅम्प वापरला, जेमतेम पाच-सहा वॅटचा आणि आठ इंची एका स्पीकरचा. लहान अ‍ॅम्पसमोर माइक ठेवला की काम भागतं.

मग भजनी मंडळाचा अ‍ॅम्प घरात आहेच, त्यालाच जॅक जोडला तर? वाजेल, पण गिटारसारखं नाही. तो माणसाचा आवाज स्वच्छ पोचवण्यासाठी घडवलेला, आणि ते काम तो चोख करतो. गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युत संदेश नाजूक असतो; माइकच्या सॉकेटवर त्याची धार बोथट होते. शिवाय गिटारचा स्पीकर 5,000 हर्ट्झच्या वरचे तीव्र सूर मुद्दाम गाळतो. ते गाळले नाहीत तर डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटवलेला, आवाज कानात करकरतो.

डिस्टॉर्शनवरून 'गेन'च्या बटणाकडे येतो, कारण नवखा पोरगा सगळ्यात आधी तेच पिळतो. गेन वाढवला की एकच तार छेडली तरी खोली भरून जाते, हुरूप येतो. तो हुरूप मी कमी लेखत नाही, त्याच्या जोरावरच पोरं टिकतात. पण एफ कॉर्ड धरताना पहिलं बोट सहा तारांवर आडवं पडतं, त्यात एखादी तार नीट दाबली जात नाही आणि टक् करून मुकी राहते. गेन भरपूर असेल तर ती मुकी तार बाकीच्या गुरगुराटात लपते. गेन खाली आणून, आवाज स्वच्छ ठेवून तोच कॉर्ड एकेक तार छेडत वाजवला की लगेच कळतं, चूक तिसऱ्या तारेवर आहे, बोट जरा पुढे सरकवायला हवं. गिटारचा मास्तर जवळपास नाही अशा गावात हे सांगणारा दुसरा कोण आहे? म्हणून ज्याचा स्वच्छ आवाज कानाला गोड लागतो तो अ‍ॅम्प घ्यावा. पन्नास प्रकारचे इफेक्ट असलेला नंतर कधीही घेता येतो. हेडफोनची सोय मात्र हवीच. दोन खोल्यांच्या घरात बहीण दहावीचा अभ्यास करत असते, आणि पोराला रोज तासभर एकच तुकडा घोळवायचा असतो. वीज जाते तिथे सेलवर चालणारा छोटा अ‍ॅम्पही वाईट नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. अ‍ॅम्पची पिन बहुधा तीन पायांची असते. तिचा वरचा जाड पाय, म्हणजे आर्थिंगचा, कापून ती दोन भोकांत बसवू नये. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटं सतत तारांवर. थोडी गुणगुण नेहमीचीच, तारांना हात लावला की बहुधा ती कमी होते. पण बोटांना झिणझिण्या आल्या तर गिटार बाजूला ठेवून आधी मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावं. विहिरीच्या मोटारीचं आर्थिंग आपण जपतो, उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी ओततो. घरातल्या सॉकेटला आर्थिंग आहे का, हे मात्र अनेक घरांत कुणी पाहिलेलंच नसतं.

मालेगावला किंवा नाशिकला घ्यायला जाल तेव्हा स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानातला मुलगा वाजवून दाखवेल आणि ते सुंदरच वाटेल, कारण त्याचा हात बसलेला असतो. पोराने स्वतः वाजवावं, येतात ते दोन कॉर्ड, सगळी बटणं मधोमध ठेवून, अगदी कमी आवाजात. कमी आवाजातही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या तर तो अ‍ॅम्प घ्यायला हरकत नाही. लहान अ‍ॅम्प घेऊन वाचलेल्या पैशांत तारांचा एक जादा संच आणि चांगली केबल घ्यावी. स्वस्त केबल जॅकपाशी तुटते आणि पोर बिचारं गिटारच बिघडली म्हणून रडकुंडीला येतं.