उजेड गेल्यावर उरलेली वीज

बाजारभावांच्या तक्त्यात ‘लातूर-मुरुड’ अशी वेगळी ओळ असते. या उपबाजारात तूर आली की खरेदीदार पोत्यात हात घालतो, मूठभर माल तळहातावर पसरतो आणि उजेडाकडे धरतो. डागी दाणा, काडी, खडा, सगळं एका नजरेत टिपून तो भाव बोलतो. लातूरच्या डाळ मिलमध्ये याच जातीचं काम ‘सॉर्टेक्स’ यंत्र करतं. उतरत्या पन्हळीवरून डाळ घसरते, कॅमेरा ती टिपतो, आतला संगणक काळपट डाळ ओळखतो आणि हवेचा बारीक झोत ती बाजूला उडवतो.

यंत्राचा वेग माणसाला झेपणारा नाही. पण त्याची घडण पाहिली तर डोळा एकीकडे, स्मरण दुसरीकडे, हिशेब तिसरीकडे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ च्या अहवालात संगणकाचा जो आराखडा मांडला, त्यात स्मृती आणि गणन वेगवेगळ्या जागी होतं. आजही बहुतेक संगणक त्याच वळणाचे आहेत आणि त्यांची बरीचशी वीज हिशेबापेक्षा आकड्यांच्या ने-आणीत खर्ची पडते. मेंदूत ही हमाली नाही. साधारण ८६ अब्ज चेतापेशी, आणि खर्च जेमतेम वीस वॅटचा. दोन पेशींमधल्या जोडाला, म्हणजे सिनॅप्सला, वापराने बळ येतं आणि पडून राहिला की तो ढिला होतो. स्मरण तिथेच, हिशेबही तिथेच.

असा जोड एखाद्या पदार्थाच्या पातळ थरात घडवता येईल का? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. तुकाराम डोंगळे आणि त्यांचे सहकारी मेमरिस्टरवर हेच शोधत आले आहेत. मेमरिस्टर म्हणजे मागे किती वीज वाहिली याची खूण स्वतःच्या रोधात जपणारा घटक. लिऑन चुआ यांनी तो १९७१ मध्ये कागदावर मांडला होता. तिथे जोड घट्ट होतो तो विजेच्या ठोक्यांनी. पण पाहण्याचं काम करायचं, तर मुळात येतो तो उजेड. मग उजेडानेच जोड घट्ट झाला, तर मधली एक फेरी वाचते.

झिंक ऑक्साइड घ्या, घामोळ्यांवर लावायच्या कॅलामाइन लोशनमधली पांढरी पूड. तिच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटून बसलेला असतो आणि आतले इलेक्ट्रॉन त्याने अडवून धरलेले असतात. अतिनील प्रकाश पडला की हा ऑक्सिजन सुटतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, वीज जास्त वाहते. इथवर नवल नाही. नवल दिवा बंद केल्यावरचं आहे. ऑक्सिजनला जागेवर परतायला वेळ लागतो, म्हणून उजेड गेला तरी वीज एकदम पडत नाही, हळूहळू उतरते. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांच्या जाड भिंती दिवेलागणीनंतरही ऊन सोडत राहतात, तसंच हे. कॅमेरा बनवणाऱ्याच्या लेखी हा शुद्ध दोष आहे, कारण मागचं चित्र पुढच्यात मिसळतं.

सगळी मेख या दोषात आहे. पहिली चमक ओसरायच्या आत दुसरी दिली, तर वीज पहिल्यापेक्षा वर चढते. मध्ये पुरेसा वेळ जाऊ दिला, तर दुसरी चमक पहिलीइतकीच. चमका वारंवार दिल्या, तर वाढलेली वीज फार काळ टिकते. म्हणजे काय दिसलं, किती वेळा दिसलं आणि किती अलीकडे दिसलं, या तिन्हींचा हिशेब पदार्थ आपल्या विसरण्याच्या गतीतूनच ठेवतो. कुणी त्याला आज्ञावली लिहून दिलेली नसते. या विषयावरच्या बातम्यांत ‘स्मरणाऱ्या चिप’चं कौतुक फार होतं. मला विचाराल तर कौतुक विसरण्याचं व्हायला हवं. काहीच न विसरणारा थर चार चमकांत भरून जाईल आणि मग त्याला सगळं सारखंच.

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये मॉलिब्डेनम ऑक्साइडच्या अशा जोडांची आठ गुणिले आठची जाळी केली आणि तिच्यावर अक्षरांच्या प्रतिमा पाडल्या. ठळक भाग जास्त ठळक झाले, बारीकसारीक कचरा मागे पडला. प्रतिमा डोळ्यातच निवडली गेली म्हणायची.

अडचणीही आहेत. मेंदूत काही जोड पुढच्या पेशीला चेतवतात, काही दाबतात. नुसता वाढवणारा उजेड अर्ध्याच कामाचा. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. बिवास साहा यांच्या गटाने स्कँडिअम नायट्राइड वापरून यावर वाट काढली. त्यात मॅग्नेशियम मिसळलंय की नाही, यावर उजेडाने वीज वाढणार की घटणार ते ठरतं.

तुरीच्या डाळीपुरतं बोलायचं तर झिंक ऑक्साइड सरळ बाद होतं. शुद्ध रूपात त्याला अतिनील प्रकाशच कळतो, पिवळी आणि काळी डाळ त्याला सारखीच अंधारी. शिवाय त्याची वीज उतरायला अनेकदा मिनिटं लागतात, आणि पन्हळीवरची डाळ कॅमेऱ्यासमोर क्षणभरही थांबत नाही. एकीचा डाग मागून येणाऱ्या शेकडो डाळींवर दिसत राहील आणि झोत चांगला माल उडवत बसेल. इथे हवाय तो पिवळा रंग ओळखणारा आणि घसरत्या डाळीच्या वेगाने विसरणारा थर. त्याचा विसर मिनिटांवरून मिलिसेकंदांवर आणावा लागेल, तोही जाळीतल्या प्रत्येक जोडात सारखा.