मीठ दिसत नाहीं

आपल्या मंडळ्यांतील कांहीं उपदेशक बंधु खिन्न होऊन विचारतात कीं, इतकीं वर्षें आम्हीं गांवांत वचन सांगितलें, तरी गांव आहे तसाच आहे. मग आमच्या श्रमांचें फळ तें काय? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. ज्यानें उन्हातान्हांत पायपीट केली आहे त्याच्या अंतःकरणांतून तो निघतो. म्हणून त्याचा आपण शांतपणें विचार करूं.

प्रभूनें आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली व देवाच्या राज्यास खमिराची. हे दोन्ही पदार्थ काम करूं लागले म्हणजे दिसेनासे होतात. कालवणांत मीठ शोधून सांपडत नाहीं. तें नसलें तर मात्र पहिल्याच घांसास कळतें. परंतु मडक्यांत राहिलेलें मीठ कालवणास चव देत नाहीं. जगापासून वेगळें बसून जगावर परिणाम करितां येत नाहीं.

आपल्याच महाराष्ट्रांतील उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा इ. स. १८९५ त मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यामुळें किती दुःख झालें, हें त्यांनीं स्वतःच 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. कांहीं काळ पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी आरंभीं आपलें सोंवळेंओंवळें सांभाळूनच राहिल्या. जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें, या प्रश्नाचा निकाल त्यांनीं आपल्याच मनाशीं लाविला, आणि इ. स. १९०० त त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. मध्यें पांच वर्षें गेलीं. वादांत हरलेला मनुष्य केवळ गप्प बसतो; ज्यास जवळून पाहावयास व विचार करावयास अवकाश मिळतो, तो खरोखर पालटतो. एका घरास जर पांच वर्षें लागलीं, तर गांवाविषयीं आपण उतावीळ कां व्हावें?

कोणी म्हणेल, मग मुकाट्यानें राहावें हेंच बरें काय? नाहीं. शांत वर्तन निराळें आणि भित्रें मौन निराळें. शेजाऱ्यावर अन्याय होत असतां जो मान खालीं घालून निघून जातो, त्याचें मीठ अळणी झालें असें समजावें.

प्रिय वाचकहो, आणखी एक गोष्ट सांगणें कठीण आहे, तरी सांगितली पाहिजे. आपल्या वर्तनाचा परिणाम न बोलतां होतो, तसा तो वाईटहि होतो. पूर्वीं निरनिराळ्या जातींचीं असलेलीं दोन ख्रिस्ती घराणीं उपासनेस वेगवेगळ्या चटयांवर बसलीं, किंवा एकमेकांच्या घरचें पाणी टाळूं लागलीं, तर तें सबंध गांव पाहतो. त्या दिवशीं उपदेशकानें समतेविषयीं कितीहि सुंदर भाषण केलें तरी गांवानें निराळाच उपदेश ऐकलेला असतो, आणि तोच त्याच्या लक्षांत राहतो.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, गांव कां बदलत नाहीं हें विचारण्यापूर्वीं, ज्या घरीं आपण अद्याप पाणी प्यालों नाहीं अशा एका बंधूच्या घरीं या आठवड्यांत जावें. त्याची वाच्यता करूं नये. गांवास तें कळेल.