मुक्काम आधी, वाट मग

कोकणच्या किनाऱ्याने पाच-सहा दिवस पायी जायचे ठरले की जाणता माणूस आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघतो. कुठली पुळण ओहोटीलाच पार होते, कुठल्या खाडीवर होडीची तर आहे, कुठे वळसा घ्यावा लागतो, हे त्या वेळांवरून ठरते. सामानसुमानाचा विचार नंतर. गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. राज्याच्या ईशान्य टोकाला मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला खेटून असलेल्या या जिल्ह्याला काठ मात्र अमाप आहेत. वैनगंगेचा, बाघेचा, चुलबंद आणि गाढवीचा काठ आहे. नवेगावबांध आणि इटियाडोहसारखे मोठे जलाशय आहेत. आणि गावोगाव मालगुजारी तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. या पाण्याच्या काठाकाठाने चार-सहा दिवस चालावे, तंबूचे ओझे न घेता झोपपिशवीवर पाणी न शिरणारी खोळ चढवून उघड्यावर निजावे, ही कल्पना तरुण भटक्यांना ओढ लावणारी आहे, आणि गोंदियासाठी ती मला मनापासून योग्य वाटते. पण इथे या चालीचा बेत रात्रीपासून आखायला हवा. आधी मुक्काम ठरवावेत, ते गावात असावेत, गावाला विचारून असावेत. वाट त्यातून निघते.

कारण पहिले असे की हा काठ रिकामा नाही. समुद्राची पुळण निसर्गाने घातलेली असते. गोंदियाच्या तलावाची पाळ माणसांनी घातली आहे. कोहळी समाजाची या कामातली ख्याती जुनी. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. डोंगरांमधली खिंड अडवून पाणी साठवायचे हे त्यातले कसब. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे लहान-मोठे तलाव सहा हजारांवर आहेत. उतारावर एकाखाली एक बांधलेल्या तलावांत वरच्याचा सांडवा खालच्याला भरतो, आणि तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडले की पाणी पाटाने धानाच्या बांधीत जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले, पण त्यांच्याभोवतीची माणसे तीच राहिली. धानाला पाणी कुणाला कधी, उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात कोण पेरणार, जनावरे कुठून उतरणार, मासेमारी कोणाची, हे सगळे ठरलेले असते. ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, त्यात मत्स्यबीज सोडतात, संध्याकाळी जाळी लावतात आणि पहाटे काढतात. अशा तलावाच्या पाळीवर रात्री अकराला अनोळखी बॅटरी चमकली, तर ज्याची जाळी पाण्यात आहे त्याच्या मनात पहिला विचार चोरीचाच येणार. तो विचार चुकीचा म्हणता येणार नाही. चूक न सांगता तिथे जाऊन निजणाऱ्याची आहे.

दुसरे कारण माणसांपलीकडचे. सारस हा महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदियाचाच पक्षी उरला आहे, आणि त्यांची संख्या पन्नाससुद्धा भरत नाही. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा पाणथळीत घरटे करतो, म्हणून शेतकऱ्याची साथ असेल तिथेच त्याची पिल्ले वाचतात. हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या चालण्याच्या दिवसांत, तो रात्री उथळ पाण्यात उभा राहून विसावा घेतो. कोल्ह्या-कुत्र्यापासून बचावाची त्याची हीच जागा. आपल्याला निजायला सर्वांत सुंदर वाटतो तो काठही बहुधा हाच असतो: सपाट, पाण्यालगत, आभाळ मोकळे. उत्तरेकडून आलेल्या बदकांचे थवेही त्याच सुमारास त्याच पाण्यावर उतरलेले असतात. एक चूल, दोन बॅटऱ्या आणि चार माणसांच्या गप्पा एवढ्यानेही पाखरे रात्री उठतात, आणि अंधारात उठलेल्या पाखराला दुसरी सुरक्षित जागा शोधावी लागते. दिवसा पाळीवरून शांतपणे जाणारा माणूस त्यांना सवयीचा आहे, कारण गुराखी आणि ढिवर रोज तिथून जातात. आक्षेप चालण्याला नाही, निजण्याला आहे.

जंगलाच्या बाजूला प्रश्न आणखी सोपा आहे, कारण तिथे उत्तर कायद्यानेच दिले आहे. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि दोन्ही मिळून २०१३ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय तिथे शिरताच येत नाही, मग उघड्यावर निजणे दूरच. पण वाघ काही हद्दीचे खांब मोजत चालत नाही. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधल्या जंगलपट्ट्यातून त्याची ये-जा असते, आणि २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. खरे सांगायचे तर मला वाघापेक्षा मण्यारीची भीती जास्त वाजवी वाटते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की कित्येकदा माणसाला तो कळतही नाही. झोपपिशवीची खोळ दव अडवते, साप नाही. गावातल्या ओट्यावरची खाट ही शहरी माणसाला साधी सोय वाटेल. या भागात ती पिढ्यांच्या अनुभवातून आलेली सावधगिरी आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. पाठीवर घर घेऊन निघायचे, जिथे दिवस मावळेल तिथे थांबायचे, कुणाला काही विचारायचे नाही, हाच या चालण्याचा प्राण. तो काढून घेतला तर उरते काय? आक्षेप घेणारे स्वीडनचा दाखला देतात, जिथे निसर्गात मोकळे फिरण्याचा सर्वांचा हक्क मानला जातो. स्कॉटलंडचाही देतात, जिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने चालण्याचा आणि उघड्यावर मुक्काम करण्याचा हक्क मिळाला. हे दाखले मोलाचे आहेत, पण ते अर्धेच सांगितले जातात. स्कॉटलंडमध्येच लॉख लोमंड या मोठ्या सरोवराच्या पूर्व काठावर मुक्कामाची गर्दी आणि नासधूस इतकी वाढली की २०११ मध्ये तिथे निर्बंध आले, आणि तो काठ ज्यात येतो त्या राष्ट्रीय उद्यानातल्या, २०१७ पासून, अनेक सरोवरांच्या काठी मार्च ते सप्टेंबर परवाना घेऊनच तंबू ठोकता येतो. मोकळीक सर्वांत आधी अडचणीत आली ती पाण्याच्या काठावर, कारण प्रत्येकाला निजायला तोच काठ हवा असतो. शिवाय आपल्याकडे हक्कांचा कागद कोरा नाही. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदींची तरतूद आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. गावाने चराई, सरपण कुठून घ्यायचे, वहिवाटीची वाट कोणती, पाण्याचा आणि मासेमारीचा रिवाज काय, हे त्यांत लिहिलेले असते. पाहुण्याला जे स्वातंत्र्य हवे आहे, ते या काठावर आधीपासून आहे. फक्त ते गावाच्या नावावर आहे. गावाने दिले तर त्यात वाटा मिळतो.

आणि उघड्यावरच्या मुक्कामाची आपली परंपरा तरी काय सांगते? पंढरीच्या वारीत लाखो माणसे राहुट्यांत आणि आभाळाखाली निजतात, पण दिंडीचा मुक्काम कुठे, कोणत्या गावात, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला दूरदूरच्या राज्यांतून गोंड कुटुंबे येतात, धनेगावच्या आसपास उघड्यावर राहतात, चुली मांडतात. तिथे यजमान आहेत, रीत आहे, दिवस ठरलेला आहे. विनोबांची भूदानयात्रा वर्षानुवर्षे पायी चालली, तीही पुढच्या पडावाचे गाव ठरवूनच. या सगळ्यांत चालण्याचे सुख कुठे कमी झाले असे दिसत नाही. संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात पोचायचे आहे, या विचाराने दिवसभराच्या चालीला एक वळण येते. माझ्या मते तेच तिचे खरे रूप.

दुसरी शंका गावाच्या बाजूने आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. दर शनिवारी चार-चार अनोळखी माणसे दारात येऊ लागली तर गावाने पाहुणचाराचा भार का सोसावा? सोसू नयेच. जेवणाचे पैसे द्यावेत आणि ते ज्या घरात चूल पेटली तिथेच द्यावेत. बचत गटाच्या बायकांनी स्वयंपाक केला तर त्यांनी सांगितलेला दर घासाघीस न करता मान्य करावा. समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची ओसरी मिळाली तर तिची रीतसर परवानगी घ्यावी. पोलीस पाटलाला नावे कळवावीत. देवरी आणि सालेकसा हे तालुके वर्षानुवर्षे नक्षलप्रभावित म्हणून ओळखले गेले. तिथल्या माणसांना अनोळखी चेहऱ्यांबद्दल दोन्हीकडून प्रश्न विचारले गेले आहेत. आपल्या न सांगता केलेल्या एका मुक्कामाची चौकशी दुसऱ्या दिवशी गावकऱ्याला झेलावी लागू नये, एवढी काळजी पाहुण्याने घेतलीच पाहिजे. बायका-मुली या वाटेने निघणार असतील, आणि त्यांनी निघावेच, तर रात्रीचे गाव आधी बोलून ठेवलेले असणे ही त्यांच्या मोकळेपणाचीच पहिली अट आहे.

मुक्काम असे ठरू लागले की बाकीचा बेत भराभर जुळतो. भरती-ओहोटीच्या जागी इथे धानाचे वेळापत्रक आहे. पावसाळ्यात पाळीवर गवत कमरेइतके, बांधीत चिखल आणि सारसाची अंडी. तेव्हा जाऊ नये. कापणी उरकून धान खळ्यावर आले, की मार्गशीर्षापासून माघापर्यंत धुऱ्यांवरून सरळ चालता येते. त्या दिवसांत पहाटेचा पारा कधीकधी दहा अंशांखाली जातो आणि पाण्याकाठी धुके उतरते, म्हणून पांघरूण बेताचे नको. होळीनंतर ऊन चढते, मोह वेचणारी माणसे भल्या पहाटे रानात असतात, मग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत पायी फिरण्याचा हट्ट करू नये. तलावाचे पाणी पिऊ नये, त्यात शेतातली खते-औषधे वाहून येतात. गावातल्या हातपंपावर किंवा नळावर बाटल्या भराव्यात. पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात हिवताप आहे, तेव्हा मच्छरदाणी हवीच. पहिल्या खेपेला अर्जुनी मोरगाव तालुका पुरेसा आहे: गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर अर्जुनीला उतरावे, इटियाडोहच्या बाजूला गोठणगाव आणि तिथली तिबेटी वसाहत, मग महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी ओळखला जाणारा प्रतापगड, मग नवेगावबांध, आणि परत लोहमार्गाकडे. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर पुरेत. त्याहून लांब पल्ला ठेवला तर संध्याकाळी गावात पोचायला अंधार होतो, आणि अंधारात पोचणाऱ्या पाहुण्याला कुणी नीट ओळखून घेऊ शकत नाही.

कुणी विचारील, एवढा खटाटोप कशाला, हेच तलाव गाडीने एका दिवसात पाहून होतात. होतात, पण सुटेसुटे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत कसा उतरतो, एका गावाने पाळ दुरुस्त केली की खालच्या गावाच्या धानाला त्याचा काय फायदा होतो, बेशरम नावाच्या झुडपाने वेढलेला काठ आणि ढिवर बायकांनी ते उपटून देशी पाणवनस्पती लावलेला काठ यांत मासे आणि पाखरे किती वेगळी असतात, हे एका तलावावरून दुसऱ्यावर पायांनी गेल्याशिवाय ध्यानात येत नाही. तलावांचा जिल्हा हे शब्द आपण भाषणांत फार वापरले. पण ते तलाव गाळाने भरत चालले, काहींवर अतिक्रमण झाले, आणि त्याची चिंता बव्हंशी काठावरच्या माणसांनाच करावी लागली. चार रात्री त्यांच्या ओसरीवर काढलेला माणूस उद्या नागपूर-पुण्यात त्या पाण्याबद्दल बोलू लागला, तर त्याचे बोलणे ऐकीव राहणार नाही.

येत्या मार्गशीर्षात निघणार असाल तर नकाशा उघडण्याआधी वाटेवरच्या गावांपैकी एखाद्याच्या सरपंचाला किंवा मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाला फोन लावा. किती जण येणार, कोणत्या तारखेला, काय खाणार, हे सांगा, आणि रात्री कुठे निजू ते त्यांनाच विचारा.